ईआरपी, लायसन्स आणि सल्लागाराचं बिल: नाशिकच्या कारखानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे, दिंडोरी या पट्ट्यातले लहान-मध्यम कारखाने ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टोअर, प्रॉडक्शन आणि हिशेब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, घ्यायला निघाले की जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं देणारा कुठल्याही एका सॉफ्टवेअरचा विक्रेता नाही, त्यामुळे काही उत्तरं विक्रेत्यांना आवडणार नाहीत. ओळीने वाचायची गरज नाही. जिथे अडलात तिथून सुरू करा.

कोटेशनवर बारा लाख लिहिलेत. शेवटी किती जातील?

कोटेशनवर विकणाऱ्याला मिळायचे पैसे असतात. तुमचे बाकीचे खर्च त्यात कशाला येतील? ते वेगळ्या कागदावर तुम्हीच मांडायचे. क्लाउडवर जाणार नसाल तर सर्व्हर, बॅकअप आणि यूपीएस. जाणार असाल तर इंटरनेटची दुसरी लाइन, कारण रस्ता खोदताना केबल तुटली की गेटवर गाड्या उभ्या राहतात. शॉपफ्लोअरपर्यंत, म्हणजे मशीनं चालतात तिथपर्यंत वायफाय, बारकोड प्रिंटर, स्कॅनर, लेबलचे रोल. ‘स्टँडर्ड रिपोर्ट’ दिलेले असतात, पण तुमच्या बँकेला दर महिन्याला लागणारं स्टॉक स्टेटमेंट त्यात नसतं. त्याचं बिल वेगळं येतं. वर १८ टक्के जीएसटी. त्याचं क्रेडिट मिळालं तरी पैसे आधी बाहेर जातातच.

सगळ्यात मोठा खर्च मात्र कुणीच लिहीत नाही, तो म्हणजे तुमच्या माणसांचा वेळ. समजा स्टोअर प्रमुख, अकाउंट्सचा माणूस आणि प्रॉडक्शन प्लॅनर असे तिघे सहा महिने अर्धा वेळ या कामात गेले, आणि प्रत्येकाचा कंपनीला पडणारा खर्च महिना ४० हजार धरला, तर ३ लाख ६० हजार झाले. पैसे एक वेळ निघतील. अडचण ही की नेमके हे तिघेच कारखाना चालवत असतात. त्यांची अर्धी कामं उचलणारा माणूस आधी नेमा, सॉफ्टवेअरची ऑर्डर नंतर द्या. ज्या मालकाला हे तिघे सोडवत नाहीत, त्याने यंदा ईआरपी घेऊच नये असं माझं मत आहे.

लायसन्स विकत घ्यावं की दर महिन्याची वर्गणी?

विकत घेतलं तरी पैसे एकदाच जात नाहीत. एसएपी, ओरॅकलसारख्या मोठ्या परदेशी सॉफ्टवेअर कंपन्यांच्या जुन्या पद्धतीच्या लायसन्सवर वर्षाचा सपोर्ट किमतीच्या साधारण २२ टक्के पडतो. पाच वर्षांत ११० टक्के, म्हणजे लायसन्स पुन्हा एकदा घेतल्यासारखंच. वर्गणीत सुरुवातीचा भार हलका, पण वापरणारी माणसं वाढली की बिल वाढतं आणि हप्ता थांबला की कामही थांबतं. लहान कारखान्याला बहुधा वर्गणीच सोयीची जाते. फक्त नूतनीकरणाच्या वेळी दर किती टक्क्यांपर्यंत वाढवता येईल, हे पहिल्याच करारात लिहून घ्या. तिसऱ्या वर्षी, सगळा डेटा त्यांच्याकडे गेल्यावर, घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

परदेशी कंपनीची वर्गणी थेट कार्डावरून भरत असाल तर सेवेची आयात म्हणून जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरावा लागतो. अकाउंट्सला हे कुणी सांगत नाही आणि मग ऑडिटच्या वेळी ते निघतं.

आमचा अकाउंटंट म्हणतो, टॅली पुरे आहे. खरं का?

कदाचित खरंच पुरे असेल. पाच कोटींवर उलाढाल गेलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस लागू आहे, ते टॅलीतून निघतं. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग, म्हणजे कोणती नोंद कोणी कधी बदलली याचा माग, हवा आणि तो बंद करता येता कामा नये. टॅलीची तशीही आवृत्ती आहे. त्यामुळे ‘कायद्यासाठी ईआरपी घ्या’ म्हणणाऱ्याला नम्रपणे चहा पाजून वाटेला लावा.

प्रश्न हिशेबाचा नसतोच. कच्चा माल किती, तो कोणत्या ऑर्डरसाठी अडकलाय, जॉब वर्करकडे, म्हणजे तुमच्या मालावर बाहेर काम करून देणाऱ्याकडे, काय पडलंय, पुढच्या आठवड्याच्या डिस्पॅचला कोणता पार्ट कमी पडणार, हे सांगायला तुमच्याकडे एकच माणूस असेल आणि तो रजेवर गेला की फोनवर फोन होत असतील, तर ईआरपीचा विचार करा. दहा-बारा माणसांचं एक शेड, एकच मोठा ग्राहक आणि ठरलेले वीस पार्ट असतील, तर टॅली आणि नीट ठेवलेली एक एक्सेल शीट अजून काही वर्षं आरामात चालेल.

ओपन सोर्स ईआरपी फुकट असतं ना?

लायसन्सपुरतं. ईआरपीनेक्स्ट हे फ्रॅपे या मुंबईच्या कंपनीचं, मुक्त परवान्याचं सॉफ्टवेअर आहे. ओडू या दुसऱ्या ईआरपीचीही फुकट ‘कम्युनिटी’ आवृत्ती आहे. बसवणं, सर्व्हर, नवी आवृत्ती चढवणं आणि रात्री अडलं तर बघणं, याचे पैसे लागतात. खरा फायदा हा की सल्लागाराशी बिनसलं तर त्याला बदलता येतं आणि सॉफ्टवेअर तुमच्याकडेच राहतं. धोकाही त्यातूनच येतो. कोड मोकळा म्हणून जो येतो तो त्यात हात घालतो, आणि दोन वर्षांनी अपग्रेड करायला गेलं की सगळं मोडतं. ‘मूळ कोडला न शिवता आमचे बदल वेगळ्या ॲपमध्ये ठेवणार का?’ एवढं विचारा. जो चाचरला त्याला काम देऊ नका.

सल्लागाराला ठरलेली रक्कम द्यावी की दिवसाच्या हिशेबाने?

ठरलेली रक्कम मालकांना आवडते, कारण ती सुरक्षित वाटते. पण कामाची व्याप्ती दोन पानांत लिहिलेली असेल तर त्या रकमेला अर्थ नाही. तिसऱ्या महिन्यापासून प्रत्येक गोष्ट ‘हे स्कोपमध्ये नव्हतं’ होते आणि चेंज रिक्वेस्टची बिलं सुरू होतात. दिवसाच्या हिशेबात उलट होतं, काम संपवायची घाई कुणालाच नसते.

मी सुचवतो ते असं. पहिला टप्पा छोटा आणि वेगळ्या पैशांचा ठेवा. चौकशीपासून पैसे वसूल होईपर्यंत तुमचं काम कसं चालतं, ते सल्लागाराने शॉपफ्लोअरवर बसून लिहायचं आणि तो कागद तुमच्या मालकीचा. मग त्याच कागदावर तिघांकडून ठरलेल्या रकमेची कोटेशन मागवा. आकड्यांतला फरक पाहून थक्क व्हाल.

आणखी एक, विक्रीच्या बैठकीला आलेला अनुभवी माणूस ऑर्डरनंतर सहसा दिसत नाही. कामावर प्रत्यक्ष कोण येणार त्यांची नावं करारात घाला.

पुण्या-मुंबईची कंपनी बरी की नाशिकची?

मोठ्या पॅकेजचे जाणते लोक पुण्या-मुंबईत जास्त, हे मान्य करावं लागतं. पण पुणं दोनशे किलोमीटरवर आहे. चाकण आणि नारायणगाव ओलांडून माणूस पोचेपर्यंत अर्धा दिवस जातो, आणि तो बिलात धरलेला असतो. प्रवास, राहणं, जेवण ‘ॲट ॲक्च्युअल’ असं लिहिलं असेल तर त्याला कमाल मर्यादा घाला. सिंहस्थामुळे २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिकमध्ये हॉटेलची खोली आणि रस्ता दोन्ही मिळणं मुश्कील असेल, तेव्हा या काळात बाहेरच्या टीमला इथे आणायचा बेत नको.

स्थानिक छोट्या फर्मचा फायदा हा की अर्ध्या तासात माणूस गेटवर उभा राहतो. तोटा हा की बऱ्याचदा ती फर्म म्हणजे एक मालक आणि दोन मुलं. त्यातला एक मुलगा पुण्याला नोकरीला गेला की तुमचं काम लोंबकळतं. मधला मार्ग चांगला चालतो. आराखडा बाहेरच्याकडून आणि रोजचा सपोर्ट इथल्याकडून, पण दोघांचा करार तुमच्याशी वेगवेगळा.

साप्ताहिक सुट्टीचंही बघा. तुमचा कारखाना शनिवारी बंद आणि रविवारी चालू असेल, तर सोमवार ते शुक्रवार चालणारी हेल्पलाइन रविवारच्या डिस्पॅचला उपयोगाची नाही.

जुना डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायला (डेटा मायग्रेशन) इतके दिवस का लागतात? एक्सेल तर तयार आहे.

एक्सेल तयार आहे म्हणजे काय आहे, ते उघडून बघू. ‘एम ८ बोल्ट’, ‘बोल्ट ८ एमएम’ आणि ‘हेक्स बोल्ट एम-८’ या तीन नोंदी एकाच वस्तूच्या निघतात आणि तिन्हींवर शिल्लक दिसते. गोल सळई किलोत येते, मिलीमीटरमध्ये कापली जाते आणि नगांत इश्यू होते. या तीन मापांचा एकमेकांशी हिशेब कुठेच लिहिलेला नसतो, तो स्टोअरमधल्या काकांना तोंडपाठ असतो. एकाच पुरवठादाराची दोन खाती असतात. काही मालाची शिल्लक उणे असते, कारण माल आला पण जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करायचा राहिला. पार्ट कशापासून बनतो त्याची यादी, म्हणजे बीओएम, ड्रॉइंगवर एक असते आणि मशीनवर दुसरीच चालते.

हे साफ करणं सल्लागाराच्या हातात नाही. त्याला तुमचा बोल्ट ओळखता येत नाही. तो फार तर एकसारखी दिसणारी नावं शोधून देईल. कोणतं ठेवायचं ते तुमच्याच माणसाने ठरवायचं. म्हणून सॉफ्टवेअर ठरायच्याही आधी हे काम सुरू करा. समजा बेत बारगळला, तरी साफ झालेली आयटम लिस्ट वाया जात नाही.

जुना सगळा इतिहास नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतायचा हट्ट मात्र सोडा. आयटम, ग्राहक, पुरवठादार, शिल्लक माल, येणी-देणी आणि पूर्ण न झालेल्या ऑर्डरी एवढं पुरतं. कंपनीला हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात, त्यासाठी जुनं सॉफ्टवेअर एका संगणकावर वाचण्यापुरतं चालू ठेवलं की भागतं.

जॉब वर्कचा गुंता ईआरपीत बसतो का?

नाशिकसाठी मी हाच प्रश्न पहिला ठेवतो. कास्टिंग तुमच्याकडून अंबडच्या मशीनिंगवाल्याकडे जातं, तिथून परस्पर सातपूरला प्लेटिंगला आणि मग तुमच्याकडे. मध्ये काही नग रिजेक्ट, काही रीवर्कला परत, आणि चूर कोणाचा यावर वाद. माल तुमचा, जागा दुसऱ्याची, चलन तिसऱ्याच्या नावावर.

कायद्याची बाजू अशी. जॉब वर्कला गेलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा, भांडवली वस्तू तीन वर्षांत. साचे, डाय, जिग आणि फिक्स्चरना ही मुदत नाही. मुदतीत आला नाही तर माल पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर आणि व्याज लागतं. आयटीसी-०४ हे विवरणपत्र पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना सहामाही आणि बाकीच्यांना वार्षिक भरावं लागतं. चलन क्रमांकानुसार काय गेलं, काय आलं आणि कुठे अडकलं, हे सॉफ्टवेअरने सांगितलं नाही तर हे विवरणपत्र रात्री जागून हाताने बनवावं लागतं.

बऱ्याच पॅकेजमध्ये सबकॉन्ट्रॅक्टिंगची सोय असते, पण ती एका वेंडरकडून परत येण्यापुरती. वेंडर ते वेंडर परस्पर प्रवास आला की डेमो देणारा म्हणतो, ‘ते करता येईल.’ करता येईल म्हणजे आज होत नाही, असं समजा. डेमोच्या दिवशी त्यांच्या नमुन्याच्या सायकली आणि खुर्च्या बघू नका. तुमचाच एक पार्ट, तुमचीच दोन ठिकाणं, दहा नग रिजेक्ट, असा पूरा फेरा त्यांना स्क्रीनवर करून दाखवायला सांगा. यात अर्धे विक्रेते गळतील.

आमच्या पद्धतीप्रमाणे सॉफ्टवेअर बदलून घ्यावं का?

जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीने एसएपीवर जायचा प्रकल्प २०११ मध्ये सुरू केला आणि सुमारे ५० कोटी युरो खर्चून २०१८ मध्ये सोडून दिला. बातम्यांत आलेलं एक मोठं कारण असं की लिडल मालाची किंमत खरेदीदराने धरत असे आणि सॉफ्टवेअर विक्रीदराने. त्यांनी पद्धत बदलली नाही, सॉफ्टवेअर वाकवत गेले. इतक्या श्रीमंत कंपनीला ते परवडलं नाही.

ग्राहकाने मागितलं असेल, उदाहरणार्थ वाहन कंपनीच्या ठरावीक नमुन्याचं बारकोड लेबल किंवा माल निघण्याआधी पाठवायची सूचना, म्हणजे एएसएन, तर बदल करून घ्या. कायद्याने मागितलं असेल तरी करा. ‘आम्ही पहिल्यापासून असंच करतो’ एवढंच कारण असेल तर सवय बदला. प्रत्येक बदलाचे पैसे दोनदा लागतात, एकदा करताना आणि पुन्हा प्रत्येक अपग्रेडला.

गो-लाइव्ह, म्हणजे नव्या सिस्टिमवर प्रत्यक्ष काम सुरू, १ एप्रिललाच करावं का?

सीएंना १ एप्रिल आवडतो, सुरुवातीच्या शिलका सरळ येतात. पण मार्चअखेर विक्रीचं टार्गेट, स्टॉकची मोजणी आणि ऑडिट हे सगळं त्याच माणसांच्या डोक्यावर असतं. ऑक्टोबर किंवा जानेवारीची पहिली तारीख मला जास्त पटते. वर्षाच्या मध्ये सुरू केल्याने हिशेबाचं काही अडत नाही. फक्त तुमचा हंगाम टाळा. हर्शीज या अमेरिकेतल्या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये हॅलोविनच्या ऑर्डरी यायच्या तोंडावर नवी यंत्रणा सुरू केली. गोदामात माल होता, तरी दहा कोटी डॉलरहून अधिकच्या ऑर्डरी पाठवता आल्या नाहीत. द्राक्ष निर्यातदाराने फेब्रुवारीत गो-लाइव्ह ठेवणं याच जातीचं धाडस आहे.

किती महिने लागतात?

कारखाना एकच, डेटा साफ आणि निर्णय घेणारा माणूस रोज हजर असेल तर सहा महिने. यातलं काही नसेल तर कॅलेंडर बघू नका.

लाखो खर्चले, तरी लोक एक्सेलच वापरतात. काय करावं?

आधी बघा, मालक काय वापरतो. रोज सकाळी प्रॉडक्शनचे आकडे व्हॉट्सॲपवर मागणारा मालक स्वतःच ईआरपी बंद पाडत असतो. बैठकीत फक्त सिस्टिममधला रिपोर्ट उघडायचा, आकडा चुकीचा असेल तर तिथेच दुरुस्त करायचा, हा नियम महिनाभर पाळला की एक्सेल आपोआप मागे पडतं.

मग शॉपफ्लोअर बघा. रात्रपाळीच्या ऑपरेटरला इंग्रजीतल्या चौदा रकान्यांचा फॉर्म भरायला लावलात तर तो पाळी संपताना अंदाजाने भरेल. तीन रकाने ठेवा, नावं मराठीत द्या, बाकी स्कॅनरवर सोडा. प्रशिक्षणही कॉन्फरन्स रूममधल्या स्लाइडवर नको, मशीनशेजारी आणि त्याच पाळीत. रात्रपाळीलाही.

करारात काय असावं?

हप्ते तारखेला बांधू नका, कामाला बांधा. शेवटचा मोठा हप्ता नव्या सिस्टिममध्ये एका पूर्ण महिन्याचे हिशेब बंद होऊन त्यातूनच जीएसटी रिटर्न भरल्यावर द्यायचा. डेटा कधीही, वाचता येईल अशा स्वरूपात, विनाशुल्क मिळायला हवा. तुमच्या पैशांतून केलेल्या बदलांचा सोर्स कोड तुमचा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण लागतं.

सल्लागार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदलेला असेल तर मान्य झालेल्या बिलाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. ‘नव्वद दिवस क्रेडिट’ असं लिहून काही उपयोग नाही, उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू शकतं. टीडीएस तांत्रिक सेवेचा २ टक्के की व्यावसायिक सेवेचा १० टक्के, हे बिल यायच्या आधी सीएंना विचारा.

तीन शिफ्टला एकच लॉगिन वापरलं तर पैसे वाचतील ना?

लायसन्स माणसागणिक असेल तर तो करारभंग आहे, आणि एडिट लॉगमध्ये कोणी काय केलं हेही कळत नाही. दुसरं सॉफ्टवेअर जोडून डेटा ओढतानासुद्धा लायसन्सच्या अटी वाचा. ब्रिटनमध्ये २०१७ च्या निकालात डियाजिओ ही मद्यकंपनी याच मुद्द्यावर एसएपीविरुद्ध हरली. त्यांच्या दुसऱ्या ॲपमधून ग्राहक आणि विक्री प्रतिनिधी एसएपीतला डेटा वापरत होते. मागणी सुमारे ५ कोटी ४० लाख पौंडांची होती.

आमच्याकडे एसएपीचं जुनं ईआरपी, ईसीसी, आहे. २०२७ ची भीती खरी का?

ईसीसी ६.० च्या एन्हान्समेंट पॅकेज ६ ते ८ साठी नियमित सपोर्टची मुदत २०२७ अखेर संपते, त्याआधीच्या पॅकेजांची २०२५ अखेरच संपली. जादा पैसे मोजून ती २०३० पर्यंत वाढवता येते. १ जानेवारी २०२८ ला सिस्टिम बंद पडणार नाही. पण नवे कायदेशीर बदल आणि सुरक्षेचे पॅच मिळायचे बंद होतील, आणि तोवर जाणत्या माणसांचे दर चढलेले असतील. एस/४हाना या एसएपीच्या नव्या पिढीच्या ईआरपीवर जाणार असाल तर निदान डेटा आणि जुने कस्टम प्रोग्रॅम छाटायचं काम आज सुरू करा.

आम्ही कांदा-द्राक्षवाले. आमचं गणित वेगळं आहे का?

आहे. ताजा कांदा आणि ताजी द्राक्षं जीएसटीमुक्त आहेत. फक्त देशात विकत असाल तर सॉफ्टवेअरवरच्या १८ टक्के कराचं क्रेडिट मिळत नाही, तो थेट खर्च. निर्यातीला शून्य दर असल्याने तिथे क्रेडिटचा मार्ग आहे. शिवाय युरोपीय संघात निर्यात होणाऱ्या द्राक्षांना अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर बागेपर्यंतचा माग ठेवावा लागतो, म्हणून बागेचा नोंदणी क्रमांक क्रेटपर्यंत सांभाळणारं सॉफ्टवेअर हवं. कारखान्यांसाठीच्या ईआरपीत ते आयतं मिळत नाही.

प्रकल्प अर्ध्यावर अडकलाय. सोडून द्यावा का?

झालेला खर्च बाजूला ठेवून बघा. खरेदी, स्टोअर आणि अकाउंट्स चालत असतील आणि फक्त प्रॉडक्शन अडलं असेल, तर तेवढं थांबवून बाकीचं पक्कं करा. प्लॅनिंग आणखी वर्षभर एक्सेलवर चाललं तरी आभाळ कोसळत नाही. स्टोअरचाच आकडा जुळत नसेल तर पुढचं सगळं थांबवा आणि प्रत्यक्ष मोजणी करा. सल्लागार बदलायचा ठरला तर भांडायच्या आधी डेटा, कोड आणि पासवर्ड ताब्यात घ्या. नवा माणूस आल्या आल्या ‘सगळं पुन्हा करावं लागेल’ म्हणेल. त्याला पाच दिवसांच्या पाहणीचे पैसे द्या आणि काय राहू शकतं, काय नाही आणि का, हे लेखी मागा.